मेलं तरी घेऊन या

शेणडॉक्टर माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी त्याच्या पायांकडे. जयपूरच्या त्या सरकारी पशुरोग प्रयोगशाळेत मी रुजू व्हायला गेले, तेव्हा माझं नाव, माझं शिक्षण, नवऱ्याची विमा कंपनीतली बदली यांतलं काहीही विचारण्याआधी त्यांनी माझ्या चपला निरखल्या आणि म्हणाले, "येताना कुठं गोठा लागला का हो बाई?" मी शहरातल्याच सोडाल्याहून बसनं आले होते, नाही म्हटलं. "मग या आत." दारात फिनाइलच्या पाण्यात भिजवलेलं पोतं अंथरलेलं असे. त्यावर पाय पुसल्याशिवाय आत यायची कुणाचीच टाप नव्हती. एकदा मोठे साहेब तपासणीला आले, तर त्यांनाही यांनी उंबऱ्यातच उभं करून ठेवलं. साहेबांचे बूट नवे होते आणि त्यांचा राग बराच काळ टिकला.

शेणडॉक्टर हे नाव मराठी मंडळातल्या लोकांनी ठेवलेलं. बँक, विमा, रेल्वे यांच्या बदल्यांवर आलेली आम्ही थोडीफार कुटुंबं होतो. गणपतीला आणि संक्रांतीला टिळकनगरात कुणाच्या तरी गच्चीवर जमायचो. तिथे कुणी सहज "काय चाललंय डॉक्टर?" असं विचारलं, की डॉक्टर खरोखरच काय चाललंय ते सांगायला लागत. त्यांचं काम होतं लहान वासरांच्या हगवणीचं. कोणत्या जंतूनं वासरू मेलं, हे शोधायचं. त्यामुळे हातात मसालेभाताची बशी असतानाही ते हगवणीचा रंग, वास, पातळपणा असं सगळं साग्रसंगीत वर्णन करत. बायका बशा खाली ठेवत. त्यांची बायको, आमच्या काकू, त्यांची बाही ओढत राहत आणि डॉक्टर म्हणत, "अगं, त्यांनीच विचारलं."

"वासराचं वय सांगा, मी जंतूचं नाव सांगतो," असं ते म्हणायचे. पहिल्या तीन-चार दिवसांत पांढरट पिवळं पाणी गळून वासरू गेलं, तर ई. कोलाय. दोन-चार आठवड्यांचं वासरू तापानं फणफणलं, शेणात रक्त आणि सडका वास, तर साल्मोनेला. आणि चांगलं धष्टपुष्ट, पोटभर प्यायलेलं वासरू सकाळी हुंदडून संध्याकाळी मेलेलं सापडलं, तर क्लॉस्ट्रिडियम. पण एवढं ठासून सांगणारा हा माणूस दुसऱ्या दिवशी काचेच्या थाळीवर जंतू वाढलेला बघितल्याशिवाय कागदावर सही करत नसे. थाळ्या तयार करणं माझं काम. सकाळी झाकण उचललं की गुलाबी ठिपके दिसले तर ई. कोलाय, बिनरंगी दिसले तर साल्मोनेलाचा संशय. डॉक्टर माझ्या खांद्यामागून वाकून बघत आणि त्यांचा अंदाज बरोबर निघाला तरी त्यांना आनंद झालेला मी कधी पाहिला नाही. थाळीवर गुलाबी दिसलं याचा अर्थ एक वासरू गेलेलं असे.

गायीगुरांचं प्रेम वगैरे बोलणं त्यांना जमत नसे. कुणी गोमाता म्हणून हात जोडले, की ते घड्याळात बघत. आजारी वासरू आलं की ते खाली उकिडवे बसत आणि पहिल्यांदा त्याच्या तोंडात बोट घालत. वासरानं बोट चोखलं तर आशा. चोखलं नाही आणि तोंड आतून गार लागलं, तर ते मीठ-साखरेचं पाणी कालवायला घेत. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली की ती तशीच उभी राहायची, डोळे खोल गेलेले असायचे. तशाही वासरापाशी ते तासन्‌तास बसलेले मी पाहिले आहेत. उठताना गुडघे धरून म्हणायचे, "जगलं पाहिजे हो." त्यांच्या तोंडची एवढीच प्रार्थना मला माहीत आहे.

त्यांचं आणखी एक वाक्य होतं. नवीन माणसाला ते हटकून ऐकवत. "जंतू सगळीकडे आहेत. तो कुठून आला हे विचारू नका, दार कुणी उघडं ठेवलं ते विचारा." दार म्हणजे चीक. वासरू जन्माला येतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारं काहीच नसतं. ते सगळं आईच्या पहिल्या दुधातून, चिकातून मिळतं, आणि तेही पहिल्या काही तासांतच अंगी लागतं. तेवढ्यात चीक पोटात गेला तर वासरू तरतं, नाही तर साधा शेणातला जंतूही त्याला पुरतो. हे डॉक्टरांनी हजार वेळा सांगितलं असेल. सांगताना समोरच्याला ते पाठ झालंय की नाही, हे बघायला मध्येच थांबत आणि पुढचं त्याच्याकडून वदवून घेत.

लादूजी आमच्या आयुष्यात डॉक्टरांमुळेच आले. सांगानेरच्या पलीकडे त्यांचा गोठा होता. जातीनं गुर्जर, दहा-बारा गायी, आणि दुधात पाण्याचा थेंब नाही. डॉक्टरांनी आधी स्वतःच्या घरी त्यांचं दूध लावलं आणि मग मंडळातल्या सगळ्यांना लावायला लावलं. लादूजी मोटरसायकलला कॅन लटकवून टिळकनगरापासून सोडाल्यापर्यंत रतीब घालायचे. देशी गायी, घरचीच पैदास. कालवड जगली तर तिची गाय होणार आणि गोठा पुढे चालणार, असा सगळा हिशेब. बाहेरून जनावर विकत आणण्याची त्यांची ऐपतही नव्हती आणि पद्धतही.

एका वर्षी या गोठ्यातली वासरं एकामागून एक मरायला लागली. लादूजी पोत्यात गुंडाळलेलं वासरू मोटरसायकलच्या टाकीवर आडवं ठेवून आणायचे. "डागदर साब, सवेरे तो कूद रियो छो, अबार देखो, मूंडो ठंडो पड़ ग्यो." सकाळी उड्या मारत होतं, आता तोंड गार पडलंय, एवढंच ते सांगत. थाळीवर दर वेळी गुलाबी. डॉक्टरांनी गोठा चुन्यानं रंगवून घेतला, जमीन उकरून नवी माती टाकली, व्यायला आलेली गाय वेगळी बांधायला लावली, इंजेक्शनं दिली. तरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वासरू जायचंच. जार, म्हणजे गायीची वार, पडेपर्यंत वासराला पाजायचं नाही, पहिलं दूध जड पडतं, अशी त्या भागात समजूत आहे. डॉक्टरांना वाटलं हेच कारण. त्यांनी लादूजींना समोर बसवून चिकाचा सगळा धडा ऐकवला, मधे थांबून वदवूनही घेतला. लादूजी मान हलवत राहिले. ते डॉक्टरांसमोर खाटेवरसुद्धा बसत नसत, उलट उत्तर कुठून देणार?

सांगितलं ते त्यांच्या बायकोनं. आम्ही गोठ्यावर गेलो होतो, डॉक्टर पुन्हा तेच समजावत होते, आणि घुंघटाआडून ती म्हणाली, "खीस बछड़ा नै कांई पावां साब, थांका ही लोग ले जावै छै." खीस म्हणजे चीक. तुमचीच माणसं घेऊन जातात, मग वासराला काय पाजू? डॉक्टरांना क्षणभर कळलंच नाही. मला कळलं, कारण गेल्याच आठवड्यात मंडळातल्या एका घरी वेलदोडा-केशर घातलेला खरवस मी खाल्ला होता. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला परमुलखात काय काय आठवेल ते सांगता येत नाही, पण खरवस आठवतोच. रतिबाचा भैया घरचा झाल्यावर प्रत्येक घरून एकच मागणं जायचं, गाय व्याली की आम्हाला सांगा. इतक्या घरांना पुरवायचं, तर पहिल्या दिवसाचा सगळा चीक डब्यांत जायचा. लादूजींना नाही म्हणता येत नव्हतं, कारण चीक मागणारे तेच रोजचं दूध घेणारे.

बाई एवढ्यावर थांबली नाही. "सबसूं पैली तो थे ही मांग्यो छो साब, माजी-सा के ताईं." सगळ्यांत आधी तुम्हीच मागितला होता, तुमच्या आईसाठी. ते खरं होतं. डॉक्टरांच्या आई शेवटच्या आजारात टिळकनगरात होत्या, अन्न तोंडात घेत नव्हत्या, आणि त्यांनी खरवस मागितला होता. डॉक्टरांनी लादूजींकडून डबाभर चीक आणला. काकूंनी त्या दिवशी शेजारच्या दोन मराठी घरांत वाटीवाटी पाठवला. प्रथा पडायला एवढं पुरलं.

त्या दिवशी डॉक्टर चुकले. मला ते चुकलेले फारसे आठवत नाहीत, म्हणून हे लख्ख आठवतं. लाजेनं म्हणा, संतापानं म्हणा, त्यांचा तोल गेला आणि शेजारचे चार गुर्जर उभे असताना ते लादूजींवर ओरडले, "यह हत्या है, लादूजी! सीधी हत्या!" आपल्याकडे हा शब्द तावातावानं वापरला जातो आणि विसरला जातो. तिथे तसा नाही. ज्याच्या हातून वासरू मेलं त्याला हत्या लागली म्हणतात, त्याच्या घरचं पाणी पीत नाहीत, त्याला प्रायश्चित्तासाठी घर सोडून हिंडावं लागतं. लादूजींचा चेहरा मातीसारखा झाला. डॉक्टरांच्या ते लक्षातही आलं नाही, ते जीपमध्ये जाऊन बसले होते.

मंडळात मात्र ते सरळ बोलले. पुढच्या बैठकीत उभे राहून म्हणाले, "पहिला डबा माझ्या घरी आला होता. आता कुणीही चीक मागायचा नाही." एक बँकवाले गृहस्थ हसत म्हणाले, "अहो डॉक्टर, आमच्या गावी पिढ्यान्‌पिढ्या खरवस खातात, वासरं काय मरतात होय?" डॉक्टर म्हणाले, "तुमच्या गावी वासरू पिऊन उरलेला चीक घरात येतो. इथं आधी डबे भरतात." काही घरांनी त्या दिवसापासून मागणं सोडलं. काहींनी डॉक्टरांच्या अपरोक्ष मागणं चालू ठेवलं. शेणडॉक्टर आता आपल्या ताटातही नाक खुपसायला लागले, अशी चेष्टा बरेच दिवस चालली.

त्यानंतर लादूजींकडून नमुने येईनासे झाले. एक महिना गेला, दुसरा गेला, गायी व्यायल्याच्या बातम्या कानावर यायच्या, पण पोत्यातलं वासरू काही आलं नाही. डॉक्टरांची स्वारी खुशीत होती. एरवी कुणाला फुकट शाबासकी न देणारा हा माणूस मला म्हणाला, "बघा बाई, शेवटी माणसं ऐकतात." उन्हाळ्यात दुसऱ्या एका गोठ्यावर पाण्याचे नमुने घ्यायला गेलो होतो, तेव्हा परतताना ते म्हणाले, "चला, लादूजींची वासरं बघून जाऊ."

गोठ्याच्या भिंतीला तीन वासरं टेकून उभी होती. जवळ गेल्यावर कळलं, ती पेंढा भरलेली कातडी होती. देशी गाय वासराशिवाय पान्हा सोडत नाही. वासरू मेलं की त्याचं कातडं काढून, पेंढा भरून, शिवून ते गायीपुढे ठेवतात. चौथं कातडं नवं होतं, त्याला अजून मिठाचा वास येत होता, आणि धोळी नावाची पांढरी गाय ते चाटत उभी होती. खाली लादूजींची बायको धार काढत होती. तिनं आम्हाला पाहिलं, पण हात थांबवले नाहीत. डॉक्टर खाटेवर बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. पाणी देताना ती म्हणाली, "थे हत्या कह दी साब. अब मरियोड़ो लेर कुण आवै?" तुम्ही हत्या म्हणालात, आता मेलेलं घेऊन तुमच्या दारी कोण येणार? डॉक्टरांनी पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं.

परतताना जीपनं विमानतळ मागे टाकला. मग डॉक्टर म्हणाले, "नमुने बंद झाले म्हणून मी खूश होतो हो बाई. नमुने मीच बंद केले." मला त्यांची दया आली आणि रागही आला, कारण सुट्टीच्या दिवशी मंडळात मिरवलेला त्यांचा आनंद मी पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. तेच शेजारी त्यांनी स्वतः हाका मारून जमवले आणि त्यांच्यासमोर हात जोडून म्हणाले, "हत्या लगी है तो मुझे लगी है. पहला डब्बा मेरे घर गया था. लादूजी, मर जाए तो भी लेकर आना. मैं कुछ नहीं कहूंगा." सरकारी डॉक्टर गुर्जराच्या अंगणात हात जोडतोय, हे बघून लोकांना काय करावं कळेना. कुणीतरी हुक्का पुढे केला. डॉक्टरांना तंबाखूचा वास सहन होत नसे, तरी त्यांनी ओढला आणि खोकत राहिले.

तिथून पुढे ते कुणावरही ओरडले नाहीत, हे मी शपथेवर सांगेन. लादूजी पुन्हा यायला लागले. पोतं दिसलं की डॉक्टरांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काही दिसायचं, आणि मेलेल्या वासराला बघून सुटका वाटणारा माणूस पाहून नवखी माणसं बिचकायची. ते वासरू दोन्ही हातांनी उतरवून घेत, लादूजींना खुर्चीवर बसवत, चहा मागवत आणि चहा अर्धा झाला की विचारत, "खीस मिला था?" लादूजी बशीत बघत म्हणत, "मिल्यो, साब." डॉक्टर मान डोलवत.

मिळालेला नसायचा. ते कळायला साधी तपासणी आहे. वासराच्या रक्तातलं पाणी एका औषधाच्या नळीत टाकायचं. चीक मिळाला असेल तर नळी गढूळ होते, नाही तर विहिरीच्या पाण्यासारखी नितळ राहते. लादूजींच्या वासरांच्या नळ्या नितळ राहायच्या. पुढच्या वर्षी धोळी पुन्हा व्याली तेव्हा डॉक्टर स्वतः गोठ्यात दिवसभर ठाण मांडून बसले होते, तिची कालवड जगली आणि तिची नळी गढूळ आली. बाकीच्यांची कथा तीच. मी एकदा चिडून म्हटलं, "सर, हा माणूस तुमच्या तोंडावर खोटं बोलतो." डॉक्टर नळी उजेडाकडे धरून म्हणाले, "बोलू द्या. येतोय ना?" मग थोड्या वेळानं म्हणाले, "त्याला डबेवाल्यांना नाही म्हणता येत नाही. मलाही त्यांना थांबवता आलं नाही. मग खोटं बोलू नको, हे मी कुठल्या तोंडानं सांगू?" त्यांनी नळी धुवायला टाकली आणि मला पुढच्या थाळ्यांचं काम सांगितलं.

त्या हिवाळ्यात एका सकाळी दाढी करता करता डॉक्टर गेले. निवृत्तीला थोडे महिने उरले होते. मंडळातली सगळी माणसं आली, डबे मागणारीही आली आणि त्यांनी खांदाही दिला. काकू मुलाकडे कऱ्हाडला निघून गेल्या. प्रयोगशाळेत त्यांच्या जागी लगेच कुणी आलं नाही. दारातलं पोतं मी रोज भिजवत होते.

पंधरवडा उलटला असेल. लादूजी आले. अंत्ययात्रेला ते लांब एका झाडाखाली उभे असलेले मी पाहिले होते, त्यानंतर आताच. टाकीवर पोतं होतं. त्यांनी न सांगता पाय पुसले. मी वासरू उतरवून घेतलं, त्यांना खुर्चीवर बसवलं, चहा मागवला. चहा अर्धा झाल्यावर मी विचारलं, "खीस मिला था?"

लादूजींनी बशी खाली ठेवली. "कोनी मिल्यो, बाईजी. कदे भी कोनी मिल्यो. साब नै हर बार झूठ बोल्यो." कधीच मिळाला नव्हता, साहेबांशी दर वेळी ते खोटं बोलले होते. मग फेट्याच्या टोकानं तोंड पुसून म्हणाले, "साब नै तो पतो ही कोनी चाल्यो."

साहेबांना ते कळलंच नाही, असं ते समजत होते. खरं सांगावं की नाही, असा मला प्रश्न पडला. डॉक्टरांनी कधी सांगितलं नव्हतं. पण त्यांनी मला न सांगण्याची शपथही घातली नव्हती, आणि हा माणूस पहिल्यांदाच खरं बोलला होता.

"पता था, लादूजी," मी म्हटलं. "हर बार पता था."

बाहेर त्यांची मोटरसायकल तशीच चालू होती, ती बंद करायचं त्यांना सुचलं नव्हतं.

"फेर भी चाय पावता?"

हो, तरीही पाजायचे, मी म्हटलं, आणि पोत्याची गाठ सोडली. कालवड होती.